एक दफ्तर, अनेक धनी

शोधचौकटीत एखादा शब्द टाकताच हजारो नोंदींतून नेमक्या नोंदी समोर येतात, त्या यंत्राने त्या क्षणी सगळे दफ्तर चाळले म्हणून नव्हे, तर कोणता शब्द कोणकोणत्या नोंदींत आला आहे याची फेरिस्त, म्हणजे सूची, त्याने आधीच सिद्ध करून ठेवलेली असते म्हणून. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये रचलेली ल्युसीन आणि तिच्याच पायावर २०१० मध्ये उभी राहिलेली इलॅस्टिकसर्च या प्रणालींचा कारभार याच तत्त्वावर चालतो.

खरा पेच पडतो तो एकच सॉफ्टवेअर शेकडो रुग्णालये वापरू लागली म्हणजे; कारण एकाच्या नोंदी दुसऱ्याला दिसता कामा नयेत. प्रत्येकाला स्वतंत्र सूची द्यावी, ही तजवीज सर्वांत निर्धोक. परंतु प्रत्येक सूचीचा निदान एक तरी शार्ड, म्हणजे तुकडा, पडतो, तो आपल्यापुरती स्मृती अडवून बसतो, आणि इलॅस्टिकसर्च दर यंत्रामागे साधारणतः हजारच शार्ड मंजूर करते, त्यामुळे चार-दोनशे नोंदींच्या लहान दवाखान्यांचाच खर्च डोईजड होतो.

म्हणून बहुतेक रचनाकार एकच सामाईक सूची ठेवतात, प्रत्येक नोंदीवर तिच्या धन्याचा, म्हणजे रुग्णालयाचा, क्रमांक घालतात आणि प्रत्येक शोधाला त्या क्रमांकाची गाळणी लावतात. ही गाळणी प्रत्येक प्रोग्रामरच्या स्मरणशक्तीवर सोपवणे म्हणजे तिजोरी उघडी टाकणे होय. सर्व शोध एकाच देवडीतून जावेत आणि क्रमांक तिथेच, लॉगिनवरून, आपोआप लागावा. एका धन्याच्या नोंदी एकाच शार्डात पडतील असा बंदोबस्त केला, तर शोध तेवढ्यापुरताच फिरतो. मात्र एखादे अवाढव्य रुग्णालय त्या शार्डात शिरले की शेजाऱ्यांचे शोध रेंगाळतात, आणि मग त्याला वेगळी सूची काढून देणे भाग पडते.

गाळणी नोंदी लपवते, आकडे लपवत नाही, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. जो शब्द विरळा, त्याचे वजन अधिक, असा क्रमवारीचा नियम आहे. नेत्ररुग्णालयात ‘मोतीबिंदू’ जिकडेतिकडे असतो आणि ‘मधुमेह’ क्वचित, तेव्हा दोन्ही शब्द घालून शोधणाऱ्या डॉक्टरांच्या दृष्टीने ‘मधुमेह’ हाच निर्णायक ठरावा; पण त्याच शार्डात मधुमेहाचे दोन मोठे दवाखाने असतील, तर विरळपणाचा हिशेब सर्वांचा मिळून होतो, पारडे उलटते आणि भलत्याच नोंदी वर येतात. शब्द पुरे करून सुचवणारी सोय तर याहून धोक्याची: तिला गाळणी लावायची राहिली, तर दोन अक्षरे टंकताच परक्या रुग्णालयातील रुग्णाचे नाव पडद्यावर उमटेल.

ग्राहक करार मोडून निघून गेला, की स्वतंत्र सूची एका हुकुमासरशी पुसता येते. सामाईक सूचीत त्याच्या नोंदींवर प्रथम केवळ ‘रद्द’ अशी खूण पडते. त्या शोधात दिसेनाशा होतात, परंतु शार्डाच्या आतल्या खंडांचे पुनर्लेखन होईपर्यंत शब्दांच्या वजनात त्यांची गणना चालूच राहते.