घरातल्या फायकसची पानगळ

मुंबईतल्या दिंडोशीच्या टेकड्यांमागच्या राष्ट्रीय उद्यानातले साग कोरड्या दिवसांत पाणी वाचवायला पानं गाळतात. दिवाणखान्यातला फायकस बेंजामिना मात्र सदाहरित. हा वड-पिंपळाचा भाऊबंद. त्याची हिरवी पानं टपटप पडू लागली, की काहीतरी बिनसलंय असं समजावं.

जागा : नर्सरीच्या लख्ख उजेडातून अंधाऱ्या कोपऱ्यात आलेलं झाड पानं टाकतंच. खिडकीजवळ ठेवा आणि सारखं हलवू नका.

पाणी : बोट दोन पेरं मातीत खुपसा; कोरडं लागलं तरच घाला. पावसाळ्यात हवा दमट, माती लवकर सुकत नाही. ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका, नाहीतर मुळं कुजतात.

एसी : गार, कोरडा झोत थेट पानांवर नको.

कीड : पानं चिकट लागली, तर त्यांच्या मागे खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण शोधा. ओल्या फडक्याने पुसून कडुनिंबाचं तेल फवारा.

झाड बोडकं झालं तरी लगेच उपटू नका. फांदीची साल नखाने खरवडा; आत हिरवं दिसलं, तर ती जिवंत आहे. पालवी फुटेपर्यंत खत मात्र घालू नका.