ऑनलाइन अध्यापन व विद्यार्थी-सुरक्षा

आंतरजालाने (इंटरनेटने) जोडलेल्या उपकरणांच्या साहाय्याने केलेल्या अध्यापनास ऑनलाइन अध्यापन म्हणतात. थेट दृक्‌श्राव्य तासिका, ध्वनिचित्रमुद्रित पाठ, स्वाध्याय देण्याची व तपासण्याची व्यवस्था, प्रश्नमंजूषा, पाठ्यपुस्तकांतील क्यूआर संकेत इत्यादींचा त्यात समावेश होतो. या पद्धतीत विद्यार्थ्याचे नाव, छायाचित्र, आवाज, दूरध्वनी क्रमांक, एवढेच नव्हे तर त्याने केलेल्या चुकादेखील शाळेच्या भिंतींबाहेर जाऊन नोंदल्या जातात. त्यामुळे साधनाची निवड करतानाच शिक्षकावर त्या नोंदींची जबाबदारी येऊन पडते.

इतिहास : संगणकाद्वारे अध्यापनाचा पद्धतशीर प्रयोग अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये डॉनल्ड बिट्झर यांच्या ‘प्लेटो’ या प्रणालीने सुरू झाला. भारतात १९७५–७६ मध्ये उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सु. २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीवरून शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले (→ दूरशिक्षण). तेथे संदेश एकाच दिशेने जात असे. संचापुढे बसलेल्या मुलाची कोणतीही नोंद त्या यंत्राकडे राहत नसे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात आंतरजाल सर्वसामान्यांना खुले झाले आणि पुढे ‘मूडल’ (२००२), ‘गूगल क्लासरूम’ (२०१४), तसेच केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ व ‘दीक्षा’ (दोन्ही २०१७) या प्रणाली प्रचारात आल्या. पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेत जोडण्याच्या उपक्रमाबद्दल सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले.

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे शाळा बंद झाल्या व ऐच्छिक असलेली ही पद्धत एकाएकी सक्तीची बनली. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७–१८) ग्रामीण भागातील सु. १५ टक्के व नागरी भागातील ४२ टक्के कुटुंबांकडेच आंतरजालाची सोय होती. असंख्य घरांत एकच फोन होता व तो वडिलांबरोबर कामावर जाई. या विषमतेची चर्चा पुष्कळ झाली. तिचा सुरक्षिततेशी असलेला संबंध मात्र दुर्लक्षित राहिला. पालकांच्या नावाने उघडलेल्या खात्यावरून मूल शिकते तेव्हा सेवा पुरविणाऱ्याच्या लेखी वापरणारी व्यक्ती प्रौढच असते. वयानुसार ठेवलेले निर्बंध तेथे निरुपयोगी ठरतात आणि त्याच फोनमधील पैशांचे व्यवहार व खाजगी संदेशही मुलाच्या हाती पडतात.

धोक्यांचे स्वरूप : सोनिया लिव्हिंगस्टन व मारिया स्टॉयलोव्हा यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणानुसार मुलांना आंतरजालावर संभवणारे धोके आशय, संपर्क, वर्तन व करार या चार प्रकारचे असतात. हिंसक वा अश्लील मजकूर पाहण्यात येणे हा आशयाचा धोका होय. प्रौढ व्यक्तीने विश्वास संपादून मुलाचा गैरफायदा घेणे हा संपर्काचा, तर मुलांनी परस्परांची टवाळी वा छळ करणे हा वर्तनाचा धोका होय. पालक व शाळा यांचे लक्ष बहुधा पहिल्या प्रकारावर खिळलेले असते, कारण गाळणी बसवून तो आटोक्यात आणल्याचे समाधान मिळते.

करार हा चौथा प्रकार सर्वांत कमी ओळखला जातो. सेवेच्या अटी न वाचता मान्य केल्याने मुलाची माहिती कोणाकडे जाते, किती काळ राहते व कशासाठी वापरली जाते, यावर त्याचा ताबा राहत नाही. हा धोका मुलाने ओढवून घेतलेला नसतो. शाळेने सांगितले म्हणून ते खाते उघडते. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संघटनेने ४९ देशांच्या शासनांनी पुरस्कारलेल्या १६० हून अधिक शैक्षणिक सेवांची तपासणी करून मे २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सु. ८९ टक्के सेवांची माहिती हाताळण्याची रीत मुलांच्या हक्कांना बाधक वा धोकादायक आढळली. साठवणुकीची एक जागा असंरक्षित राहिल्याने ‘दीक्षा’ वापरणाऱ्या दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावे, दूरध्वनी क्रमांक व ईमेल पत्ते उघडे पडल्याचे वृत्त जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांची माहितीही त्यात होती.

वर्गातील व्यवहार : सर्वाधिक प्रचलित साधन म्हणजे व्हॉट्सॲपवरील वर्गाचा गट. अशा साध्या गटात प्रत्येक सदस्यास इतरांचे क्रमांक दिसतात. मुलीचा वा तिच्या आईचा क्रमांक अशा रीतीने साठ घरांत पोहोचतो व तो परत घेता येत नाही. केवळ सूचना द्यावयाच्या असतील, तर सदस्यांचे क्रमांक परस्परांना न दिसणारी वाहिनी अथवा प्रसारण-यादी वापरणे इष्ट. विद्यार्थ्याशी एकट्याने, रात्री-अपरात्री संदेश-विनिमय करणे टाळावे, हा नियम विद्यार्थ्याइतकाच शिक्षकाचेही रक्षण करतो. थेट तासिकांत परक्या व्यक्ती घुसून बीभत्स चित्रे दाखविण्याचे प्रकार २०२० च्या प्रारंभी जगभर घडले. त्यानंतर ‘झूम’ने त्या वर्षीच्या एप्रिलपासून परवलीचा शब्द व प्रतीक्षाकक्ष या सोयी मुळातच चालू ठेवण्यास प्रारंभ केला, तथापि तासिकेचा दुवा सार्वजनिक भिंतीवर चिकटविल्यास कोणतीही सोय पुरी पडत नाही. कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती एका खोलीच्या घरात राहणाऱ्या मुलास अपमानकारक होऊ शकते. उपस्थितीसाठी आवाज वा लिखित उत्तर पुरेसे असते.

मुलांना फोन हाताळता येतो म्हणून स्वतःचे रक्षणही करता येते, हा समज टिकणारा नाही. २०२४ च्या ‘असर’ या ग्रामीण सर्वेक्षणात १४ ते १६ वयोगटातील सु. ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात शिक्षणासाठी, तर सु. ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी स्मार्टफोन वापरल्याचे सांगितले. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी सु. ६२ टक्क्यांना त्रासदायक खाते रोखणे वा त्याची तक्रार करणे ठाऊक होते. खाते खाजगी करणे सु. ५५ टक्क्यांनाच येत होते. फोन काढून घेतला जाईल या भीतीनेही मुले धमकीचा प्रकार लपवितात व तो काळ गुन्हेगाराच्या पथ्यावर पडतो. सहाध्यायिनीचे साधे छायाचित्र घेऊन कृत्रिम बुद्धिमत्तेने अश्लील प्रतिमा बनविणे आता सोपे झाले आहे. शाळेच्या पृष्ठावर स्नेहसंमेलनाची छायाचित्रे नावांसह देण्याची प्रथा म्हणूनच पुनर्विचारार्ह आहे.

कायदा : मुलांचे लैंगिक शोषण दर्शविणारे साहित्य बनविणे, पाहणे वा पसरविणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६७ ब नुसार गुन्हा आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पॉक्सो) मधील कलम १९ प्रमाणे अशा अपराधाची माहिती असणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. शाळेची अब्रू जाईल म्हणून प्रकरण आपसांत मिटविणाऱ्या मुख्याध्यापकालाही शिक्षा होऊ शकते. तातडीच्या मदतीसाठी १०९८ (बालसाहाय्य) व १९३० (सायबर गुन्हे, विशेषतः आर्थिक फसवणूक) हे क्रमांक आहेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ अठरा वर्षांखालील सर्वांना बालक मानतो, पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवितो व मुलांना उद्देशून लक्ष्यित जाहिराती करण्यास मनाई करतो. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. शैक्षणिक संस्थांना विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक हालचालींवर व सुरक्षिततेसाठी लक्ष ठेवण्यापुरती त्यांत सूट आहे. अमेरिकेतील १९९८ चा कायदा तेरा वर्षांखालील मुलांनाच संरक्षण देतो. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली आहे. गूगल क्लासरूमसारख्या शैक्षणिक सेवा मात्र तिच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत.