खांब लक्ष मागतो

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात कोठुरे नावाचे गाव आहे. मल्लखांबाला नवा जन्म देणारे बाळंभटदादा देवधर मूळचे इथले. त्यांचा जन्म १७८० सालचा मानला जातो. आखाड्यांतून पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी त्यांची कथा अशी: दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब हे दोन नामांकित मल्ल पुण्यास आले आणि त्यांनी दरबारात कुस्तीचे आव्हान दिले. कुणी पुढे येईना, तेव्हा तरुण बाळंभटांनी विडा उचलला, तयारीसाठी मुदत मागून घेतली आणि ते वणीच्या सप्तशृंगी गडावर उपासनेला बसले. तिथे मारुतीने दृष्टान्त देऊन लाकडी खांबावरच्या पकडी शिकवल्या. परत येऊन त्यांनी अलीला चीत केले आणि गुलाबने लढतीतून माघार घेतली. यात इतिहास किती आणि श्रद्धा किती हे वेगळे काढणे अवघड आहे. ज्या टापूत अंजनेरीला मारुतीचे जन्मस्थान मानतात आणि समर्थ रामदासांचे तपाचे स्थान म्हणून टाकळीचा मारुती पूजला जातो, तिथे व्यायामविद्येचे श्रेय मारुतीला मिळणे स्वाभाविकच होते. पण कथेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. या उपासकाला देवाने मंत्र दिला नाही, अंगात दहा हत्तींचे बळही भरले नाही. त्याने खांब दाखवला. बाळंभटदादा गडावरून उतरले ते एक साधन घेऊन.

साधनावर एवढा भर देण्याचे कारण आहे. एकाग्रता हा मनाचा सद्गुण आहे, तो ज्याच्याकडे असतो त्याच्याकडे असतो आणि नसेल त्याने निश्चयाने मिळवावा, अशी आपली रूढ समजूत आहे. घरात, शाळेत, मैदानावर मुलांना दिवसभर ‘लक्ष दे’ असे सांगितले जाते. कशाकडे, किती वेळ, केव्हा हलवून दुसरीकडे न्यायचे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. मल्लखांबाची थोरवी मला इथे दिसते. शरीराच्या वजनाखेरीज दुसरे कोणतेही वजन न वापरता बळ आणि तोल कमावण्याचा हा व्यायाम लक्षाची जागा मनाबाहेर ठरवतो. ती जागा लाकडात असते आणि क्षणाक्षणाला बदलते. मुलाने एकाग्र व्हावे असा उपदेश इथे फारसा लागत नाही, कारण खांबाची घडणच अशी आहे की लक्ष दिल्याशिवाय त्यावर राहता येत नाही.

ती घडण नीट पाहण्यासारखी आहे. पुरलेला मल्लखांब सागवानी किंवा शिसवी लाकडाचा, जमिनीवर साधारण अडीच मीटर उंच. खाली जाड, वर निमुळता. खालचा मोठा भाग म्हणजे अंग, त्यावर बारीक मान आणि माथ्यावर बोंड. लाकूड तासून, घासून गुळगुळीत केलेले असते आणि त्यावर एरंडेल तेल चोळतात. तेलामुळे कातडी सोलवटत नाही आणि अंग खांबावरून फिरू शकते. मात्र तेच तेल ढिली पकड माफ करत नाही. हाताला राळ लावतात ती या घसरणीला आवर घालण्यासाठी. कमीत कमी कपड्यांत हा व्यायाम करण्यामागेही हेच कारण आहे: पकड कातडीची असते, कापडाची नव्हे. जिम्नॅस्टिक्सच्या दांड्यांवर बहुतेक भार हात पेलतात. इथे हाताइतकेच काम मांड्या, काख, गुडघ्याची लवण, पायाचा अंगठा आणि मान यांना करावे लागते. खांब एकच, उभा, अरुंद आणि निश्चल. हलायचे सगळे शरीराने.

अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, ताजवे, झाप, उतरती हे या विद्येतले परंपरागत प्रकार. नावे वेगवेगळी असली तरी प्रत्येक प्रकारात शरीर खांबाला कुठे धरते हे बदलत जाते. अढीत डोके खाली असते आणि सगळा भार पायांच्या वेढ्यावर येतो. बगलीत खांब काखेत येतो. सुईदोऱ्यात शरीर स्वतःच्याच हातांमधून ओवून बाहेर काढावे लागते. एक पकड पूर्ण बसल्याशिवाय आधीची सोडायची नाही हा इथला पहिला नियम आहे, आणि माझ्या मते अवधानाचे सगळे शिक्षण त्यात येते. लक्ष एका बिंदूवर खिळवून ठेवणे ही अर्धीच एकाग्रता. योग्य क्षणी ते तिथून उचलून पुढच्या बिंदूवर नेणे हा तिचा अवघड अर्धा भाग. आसनावर डोळे मिटून बसलेल्या साधकाचे मन भरकटले तर ते त्याला पुष्कळदा उशिरा कळते. मल्लखांबावर ते मांडीला लगेच कळते, कारण शरीर दोन बोटे खाली घसरलेले असते.

तोल सांभाळणे ही आपोआप होणारी गोष्ट आहे आणि तिला लक्षाची गरज नाही, असे बऱ्याच जणांना वाटते. पण १९९७ साली स्वीडनमधील संशोधकांना वृद्धांविषयी एक साधी गोष्ट आढळली. चालताना कुणी बोलायला लागले की जे वृद्ध थबकत, ते पुढच्या सहा महिन्यांत पडण्याची शक्यता इतरांहून बरीच जास्त होती. चालणे आणि बोलणे दोन्हींना पुरेल एवढे लक्ष त्यांच्यापाशी उरलेले नव्हते. म्हणजे तोलाला लक्षाची किंमत मोजावी लागते, फक्त तरुणपणी ती जाणवत नाही. हे लक्ष कुठे ठेवावे, याचा शोध गाब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात स्कीइंगसारखी हालचाल करायला लावणाऱ्या यंत्रावर शिकाऊ मंडळींना उभे केले. काहींना आपल्या पावलांकडे लक्ष द्यायला सांगितले, काहींना पावलांखालच्या यंत्राच्या चाकांकडे. अंतर जेमतेम काही इंचांचे, पण चाकांकडे लक्ष देणारे अधिक चांगले शिकले. शरीरावर जाणीवपूर्वक हुकूम चालवू लागलो की शरीराची स्वतःची सुधारणा करण्याची शक्ती अडते, असे स्पष्टीकरण पुढे त्यांनी दिले. मल्लखांबाची रचना या निष्कर्षाशी चांगली जुळते. इथे कोणता स्नायू किती आवळला याचा विचार करण्याची गरज नसते. खांब घट्ट धरला गेला आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर लाकूड देते.

हे लक्ष नजरेचेही नाही, याचा सर्वांत बोलका पुरावा मुंबईत आहे. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी दादरच्या कमला मेहता अंधशाळेतील मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवला. त्या मुली दोरीवर चढून आसने करतात ती दोरीचा स्पर्श, ताण आणि स्वतःच्या वजनाची दिशा ओळखून. स्नायू आणि सांध्यांतून येणारी ही जाण सर्वांकडेच असते. डोळस माणूस डोळ्यांच्या भरवशावर तिच्याकडे दुर्लक्ष करतो. मल्लखांब त्या जाणिवेला पुढे आणतो.

लक्ष स्नायूवर नको, खांबावर हवे, या म्हणण्यावर पहिला आक्षेप आधुनिक व्यायामशाळेतून येईल. वजन उचलताना मन त्या स्नायूवर लावा, असे तिथे शिकवतात आणि त्यालाही आधार आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आठ आठवड्यांच्या एका अभ्यासात दंडाच्या स्नायूवर लक्ष ठेवून व्यायाम करणाऱ्या नवशिक्या तरुणांचा तो स्नायू, फक्त वजन वर नेण्याकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा अधिक वाढला. हा निष्कर्ष मी नाकारत नाही. पण तिथे हेतू स्नायू वाढवण्याचा होता, हालचाल शिकण्याचा नव्हता. शिवाय २०१६ च्या दुसऱ्या एका प्रयोगात असेही दिसले की वजन आपल्या कमाल ताकदीच्या ८० टक्क्यांवर गेले की स्नायूकडे लक्ष दिल्याने त्याच्या कामात फरक पडत नाही. सगळा भार पेलताना शरीर मनाचे फारसे ऐकत नाही. मल्लखांबावर पूर्ण देह एका पकडीवर तोललेला असतो, त्यामुळे इथली स्थिती या दुसऱ्या प्रकाराच्या जवळची आहे. एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे: बाहेर लक्ष ठेवण्याचे फायदे सांगणाऱ्या संशोधनातही अनुकूल निष्कर्षच अधिक छापले गेल्याची टीका अलीकडे झाली आहे. म्हणून प्रयोगशाळेतील आकड्यांवर मी सगळी मदार ठेवत नाही. दोन शतके शिकवून, चुकून, सुधारून टिकलेली साधनाची घडण हा माझ्या लेखी अधिक भक्कम पुरावा आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. निष्णात खेळाडू विचार करत नाही, त्याचे अंगच सगळे करते, मग एकाग्रतेचे कौतुक कशाला? २००२ साली सायन बेइलॉक आणि सहकाऱ्यांनी फुटबॉल खेळाडूंवर केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. चेंडू शंकूंमधून नेताना पायाच्या हालचालीकडे लक्ष देण्याने नवशिक्यांना मदत झाली आणि जाणकारांचा खेळ बिघडला. पण यावरून निष्णाताला लक्षच लागत नाही असे ठरत नाही. त्याचे लक्ष दुसरीकडे गेलेले असते. मल्लखांबावर नवशिका एका अढीत गुंततो. अनुभवी खेळाडू साधारण दीड मिनिटाच्या संचातल्या प्रकारांचा क्रम, वेग आणि श्वास यांकडे पाहत असतो, आणि सुटी अढी त्याच्या शरीराकडे सोपवलेली असते. हे सोपवणे फसले तर काय होते ते २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये जगाने पाहिले. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सला हवेत गिरक्या घेताना आपले शरीर कुठे आहे याचा अंदाज लागेना, आणि तिने बहुतेक स्पर्धांतून माघार घेण्याचा शहाणपणाचा निर्णय घेतला. हवेत लक्षाला धरायला काहीच नसते. मल्लखांबपटूही उड्या मारतो आणि धोका त्यालाही आहे, परंतु त्याच्या शरीराचा कोणता ना कोणता भाग जवळजवळ सतत लाकडाला टेकलेला असतो. हरवलेले लक्ष परत आणायला त्याच्याजवळ जागा असते.

हे अवधान नसून पडण्याची भीती आहे, असेही म्हणता येईल. भीती लक्ष वेधून घेते हे खरे. मात्र ती ते पकडीवरून काढून जमिनीवर नेते, आणि घाबरलेले मूल खांबाला मिठी मारून गोठते, पुढची पकड घेत नाही. म्हणून चांगल्या व्यायामशाळेत आधी जमिनीवरची तयारी, मग खांबाच्या खालच्या भागावरचे प्रकार, खाली गादी आणि शेजारी हात देणारा, असा क्रम असतो. त्याने भीती काढून घेतली जाते आणि लक्ष मागे ठेवले जाते. गादीशिवाय, आधाराशिवाय मुलांना बोंडावर चढवणारा शिक्षक मुलांना धीट करत नाही. तो या विद्येचा पायाच मोडतो.

एका दाव्याशी मात्र मी सहमत नाही. मल्लखांबाने एकाग्रता वाढते आणि म्हणून परीक्षेत गुण वाढतात, असे पालकांना सर्रास सांगितले जाते. एका कामात कमावलेले लक्ष अगदी निराळ्या कामात आपोआप उतरते, याला भक्कम आधार नाही. खांबावर शिकलेले मूल खांबावर, आणि फार तर त्यासारख्या शारीरिक कौशल्यांत, लक्ष द्यायला शिकते. त्याला नियमितपणाची सवय लागते, झोप आणि भूक सुधारते, हे लाभ कमी नाहीत. गुणपत्रिकेची लालूच दाखवून या विद्येची किंमत वाढत नाही. दहावीचे वर्ष आले की तिच्यापासून मुले तोडण्याचा रस्ता मात्र त्याने मोकळा होतो.

बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या खांबावरील व्यायामाचा उल्लेख आहे, पण आजचा मल्लखांब बाळंभटदादांच्या शिष्यपरंपरेचा. ती पुण्याहून काशीपर्यंत गेली, बडोद्यात आणि अमरावतीत रुजली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. २०१९ च्या फेब्रुवारीत पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा शिवाजी पार्कवर झाली, २०२२ मध्ये गुजरातेतील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत मल्लखांब खेळला गेला आणि २०२४ मध्ये उदय देशपांडे यांना पद्मश्री मिळाली. नाशिकच्या यशवंत व्यायामशाळेसारख्या संस्थांनी हा खेळ शहरात जागता ठेवला आहे. या मान्यतेचा आनंद आहेच, पण स्पर्धेच्या ठरावीक वेळेत जितके अधिक अवघड प्रकार बसवावेत तितके स्थिर आसनांना आणि ताजव्यांना मिळणारे क्षण आखडतात. लक्ष पूर्ण टेकते ते याच क्षणांत. नियम करणाऱ्यांनी स्थैर्याला आणि दोन पकडींमधल्या सफाईला भरघोस गुण ठेवावेत असे मला आग्रहाने वाटते.

नाशिक जिल्ह्यातल्या शाळांकडे एक मागणे आहे. एक नीट तासलेला खांब, त्याभोवती गाद्या, थोडे एरंडेल आणि प्रशिक्षित शिक्षक एवढ्यात हे शिक्षण सुरू होते. त्याला मोठे मैदान लागत नाही, वीज लागत नाही, मुलाच्या घरून महागडे सामान लागत नाही. यातला शिक्षकच काय तो दुर्मीळ आहे. त्याच्या मानधनाची तरतूद आधी करा आणि खांब नंतर पुरा.