घोडेस्वार नट



कळंबास आमच्या घरीं दूरचित्रवाणीवर एखादी शिवकालीन मालिका लागली, म्हणजे घोडे दौडत येण्याच्या प्रसंगीं सर्वांचें बोलणें आपोआप थांबतें. वडील माणसांच्या हातांतील चहाचा पेला तसाच राहतो आणि धाकटीं मुलें पाटावर बसल्या बसल्या लगाम खेचूं लागतात. अशाच एका वेळीं माझ्या पुतण्यानें मला विचारलें, "काका, घोड्यावरचा सर्वांत मोठा नट कोण हो?" मीं तत्काळ उत्तर दिलें, "मास्टर विठ्ठल." त्यावर तो म्हणाला, "मग त्यांचें काम दाखवा ना!" येथें माझी पंचाईत झाली. ज्या कामांनीं त्यांचें नांव झालें, त्यांतील एकहि मला त्यास दाखवितां येईना. ही स्थिति कशी आली, तें सांगण्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

अमेरिकेंत घोडेस्वार नायकांच्या कथांस 'वेस्टर्न' म्हणतात. एकोणिसाव्या शतकांत त्या देशाच्या पश्चिम भागांत नवी वस्ती होत असतां जे गुराखी, दरोडेखोर व कायद्याचे अंमलदार तेथें वावरत, त्यांच्या या गोष्टी होत. तेथील मूळ रहिवाशांस पुष्कळदां खलपुरुष करून सोडण्याचा दोष त्यांत आहे, आणि तो लहान नव्हे. चित्रपटांतून या कथा दूरचित्रवाणीवर आल्या. 'दि लोन रेंजर' ही मालिका १९४९ सालीं सुरू झाली. 'गनस्मोक' १९५५ पासून १९७५ पर्यंत, म्हणजे सबंध वीस वर्षें चालली, व तींत मार्शल डिलनची भूमिका अखेरपर्यंत जेम्स आर्नेस या एकाच नटानें केली. लोन रेंजर झालेले क्लेटन मूर तर उतारवयांतहि आपला काळा मुखवटा लावून लोकांच्या भेटीस जात. १९७९ सालीं मालिकेच्या हक्कदारांनीं न्यायालयाकडून त्यांस मुखवट्याची मनाई करविली. त्यांनीं काळा चष्मा लावला, परंतु जाणें सोडलें नाहीं. कांहीं वर्षांनीं मुखवटा त्यांना परत मिळाला.

मुंबईस दूरचित्रवाणी आली ती २ ऑक्टोबर १९७२ रोजीं. तेव्हां तिकडे वेस्टर्नचा बहर ओसरत चालला होता. पण घोडेस्वार नायकाचें वेड आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीं येऊन गेलें होतें, आणि त्याचा एक मोठा झरा कोल्हापुरांत होता.

बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें १९२३ सालीं 'सिंहगड' हें मूक चित्र काढलें. त्याच कंपनींत विठ्ठल नांवाचा एक तरुण होता. लहानपणीं नाटकमंडळींत काम केलेला हा तरुण येथें फिती कापण्याजोडण्याच्या कामावर लागला. पुढें 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रांत तो पडद्यावर आला, तो कोणत्या वेषांत म्हणाल? नर्तकीच्या! नंतर मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीनें 'रतन मंजरी' (१९२६) मध्यें त्यास नायक केलें, आणि तेथून त्याच्या हातीं तलवार आली ती सुटली नाहीं. त्या काळीं अमेरिकेचे डग्लस फेअरबँक्स 'दि मार्क ऑफ झोरो' (१९२०) सारख्या चित्रांमुळें जगभर गाजत होते. मास्टर विठ्ठल यांस लोक 'हिंदुस्थानचा डग्लस' म्हणूं लागले.

मूक चित्रांत नटाचा देह हीच त्याची भाषा असे. पडद्यावर मधून मधून अक्षरांच्या पाट्या येत खऱ्या, परंतु प्रेक्षकांपैकीं पुष्कळांस वाचतां येत नसे. त्यामुळें राग, धैर्य, कारुण्य हें सर्व उडी, पवित्रा व नजर यांतून सांगावें लागे. यंत्राची थोडी मदत होई. छायालेखक हातानें दांडी फिरवून चित्र घेई; ती त्यानें जरा सावकाश फिरविली, कीं पडद्यावर घोडा अधिक वेगानें धांवतांना दिसे. मात्र पडण्याचा मार नटासच सोसावा लागे, त्यांत दांडीचा कांहीं उपयोग नव्हता. अशा नटास मराठी, गुजराती, उर्दू किंवा तामीळ बोलणारा प्रेक्षक सारखाच समजून घेई.

मग चित्र बोलूं लागलें. अर्देशीर इराणी यांनीं पहिला हिंदी बोलपट 'आलम आरा' काढण्याचें ठरविलें. नायकाच्या भूमिकेसाठीं मेहबूब खान या तरुण नटाचें नांव पुढें होतें. परंतु गर्दी खेचणारा नट हवा म्हणून ती भूमिका मास्टर विठ्ठल यांस मिळाली. तीसाठीं त्यांनीं शारदा कंपनीचा करार मोडला, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि त्यांच्या वतीनें बॅरिस्टर महंमदअली जिना उभे राहिले. निकाल विठ्ठल यांच्या बाजूनें लागला. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत 'आलम आरा' लागला, तेव्हां गर्दी आवरण्यास पोलीस बोलवावे लागले.

एवढ्या झगड्यानें मिळविलेल्या त्या चित्रांत काय घडलें, तें ऐका. मास्टर विठ्ठल यांस उर्दू नीट बोलतां येईना. म्हणून कथेंतील बराच काळ नायक गुंगींत, जवळजवळ बेशुद्ध पडलेला, असा दाखविण्यांत आला! ज्याच्या चपळाईवर सारा देश लुब्ध होता, त्यास देशाच्या पहिल्या बोलपटांत निजवून ठेवावें लागलें. विनोद म्हणून ही गोष्ट सांगतात. मला तिचें हसूं येत नाहीं. पुढें त्यांनीं दिग्दर्शन केलें. 'औट घटकेचा राजा' (१९३३) त्यांचाच, ज्यांत शाहू मोडक दुहेरी भूमिकेंत आले. भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर' (१९३९) मध्यें ते पुन्हां तलवार घेऊन दिसले. नंतर भूमिका लहान लहान होत गेल्या. १९६९ सालीं ते वारले.

बोलपटांच्या काळांतहि घोडे थांबले नाहींत. वाडिया मूव्हिटोनच्या 'हंटरवाली' (१९३५) मध्यें नाडिया चाबूक घेऊन आली, आणि कोल्हापुरास भालजींनीं चंद्रकांत व सूर्यकांत हे मांडरे बंधु घोड्यावर बसविले. १९७५ चा 'शोले' तर सर्वांस ठाऊकच आहे.

आतां पुतण्याच्या मागणीकडे वळूं. जुन्या फिती नायट्रेटच्या असत. त्या पटकन् पेट घेत, आणि जपल्या नाहींत तर आपोआप कुजत. शिवाय त्यांत थोडी चांदी असे. चित्राची कमाई संपली, कीं ती काढण्यासाठीं फिती विकल्या जात. 'आलम आरा' ची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. १९४८ च्या आरंभीं, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळींत, भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळाला; 'मीठभाकर' हें चित्र त्यांना नव्यानें घ्यावें लागलें. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें १९६४ मध्यें. तोंपर्यंत बहुतेक मूक चित्रें नाहींशीं झालीं होतीं. 'गनस्मोक' चे सहाशेंहून अधिक भाग जपले गेले, आणि विठ्ठल यांच्या ऐन भरांतील उड्या मात्र ऐकूनच मानाव्या लागतात.

मुलानें हें ऐकून विचारलें, "मग ते एवढे चांगले होते, हें तुम्हांला तरी कसें ठाऊक?" प्रश्न रास्त होता. मीं म्हणालों, "माझ्या आजोबांनीं सांगितलें." आजोबा वऱ्हाडांतील यात्रांत तंबूंतला सिनेमा पाहत, आणि विठ्ठल यांची उडी सांगतांना, सत्तरी उलटल्यावरहि, ओट्यावरून खालीं उतरून दाखवीत. आजीस तें मुळींच आवडत नसे.

तरीहि अगदीं रिकाम्या हातानें राहावें लागलें नाहीं. पुण्याच्या अगरवाल कंपनीचें 'दिलेर जिगर' (१९३१) हें तलवारबाजीचें मूक चित्र सुदैवानें वांचलें आहे. त्यांतील नायिका ललिता पवार, ज्यांस १९८७ च्या 'रामायण' मालिकेंत मंथरा म्हणून घरोघर ओळखलें गेलें. १९४२ सालीं चित्रीकरणांत बसलेल्या एका तडाख्यानें त्यांचा डावा डोळा अधू झाला व पुढें त्या खाष्ट सासूच्या भूमिका करूं लागल्या. पण येथें त्या तरुण आहेत व हातीं तलवार आहे. त्या चित्राचा लहानसा तुकडा मीं मुलास मोबाइलवर दाखविला. आवाज नाहीं, चित्रावर ओरखडे, माणसें थोडीं घाईघाईनें चालणारीं. मंथरा त्यास ओळखूं आली नाहीं. तुकडा संपला तेव्हां तो कांहीं बोलला नाहीं. फक्त माझ्या हातांतून मोबाइल घेतला आणि पुन्हां पहिल्यापासून लावला.