चांदीच्या कणावरचं प्रथिन कोणतं?

हरभऱ्यात मर आणणारी फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी म्हणजे शेतकऱ्याची डोकेदुखी. याच जातीची बुरशी चांदीच्या क्षाराच्या द्रावणात ठेवली तर ५ ते १५ नॅनोमीटरचे चांदीचे कण तयार होतात, हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या अब्सार अहमद, मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं. पुढे कडुनिंब, कोरफड अशा अर्कांतून कण करण्याचं पेवच फुटलं.

अशा शोधनिबंधांत एक ठरीव वाक्य सापडतं: कणांवर प्रथिनांचं आवरण आहे. पुरावा म्हणून इन्फ्रारेड आलेखातलं १६५० च्या आसपासचं शिखर दाखवतात. त्यावरून फार तर प्रथिन आहे एवढं म्हणता येतं. त्याचं नाव हवं तर मास स्पेक्ट्रोमेट्रीकडे जावं लागतं.

पण यंत्राआधी धुणं येतं. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून कण कमी धुतले तर अर्कातली उपरी प्रथिनंही यादीत शिरतात. जास्त धुतले तर सैल चिकटलेली निघून जातात. मग एसडीएस हे डिटर्जंट घालून उकळायचं, सुटलेली प्रथिनं जेलवर पळवायची, पट्टा कापून त्यात ट्रिप्सिन घालायचं. हे विकर साखळी लायसिन आणि आर्जिनिनपाशीच तोडतं, त्यामुळे तुकड्यांच्या वजनांवरून प्रथिन ओळखता येतं.

पट्टा ठळक, प्रथिन एकच आणि जीवाचा जीनोम माहीत असेल तर माल्डी-टॉफ हे मास स्पेक्ट्रोमेट्रीचं तंत्र पुरेसं. ते झटपट होतं, थोडे क्षारही खपवून घेतं. मिश्रण असेल, किंवा त्या वनस्पतीची प्रथिनं डेटाबेसमध्ये तुटपुंजी असतील, तर मात्र एलसी-एमएस/एमएस हे दुसरं तंत्र. त्यात तुकडे पुन्हा फोडून अमिनो आम्लांचा क्रम काढतात. तो जवळच्या जातीशी ताडून पाहता येतो. एसडीएसचा अंश राहिला तर संकेत दबतात. आणि यादीत वर केराटिन दिसलं तर हुरळू नये, ते बहुधा प्रयोग करणाऱ्याच्या त्वचेचं! (गंमत म्हणजे, २००२ च्या नोबेलचे एक मानकरी कोइची तानाका यांनी प्रथिनं न मोडता उडवण्यासाठी वापरली होती ती ग्लिसरीनमधली कोबाल्टची अतिसूक्ष्म पूडच.)

नाव हाती लागलं तरी कण घडवणारं प्रथिन हेच, असं सिद्ध होत नाही. ते नंतर येऊन चिकटलेलंही असेल. अब्सार अहमद यांचा सहभाग असलेल्या पुण्याच्या गटाने २००७ मध्ये बुरशीतलं नायट्रेट रिडक्टेज हे विकर शुद्ध केलं, त्याला एनएडीपीएच आणि फायटोकेलाटिन यांची जोड दिली आणि बुरशीशिवाय चांदीचे कण करून दाखवले. प्रथिनांच्या याद्या छापणाऱ्यांनी निदान एवढा प्रयोग तरी करावा.