शरद-हंगामातील लघु पर्यटन-व्यवसायाचे विपणन : कास पठाराच्या संदर्भात एक विवेचन

कारखान्यात तयार झालेला माल आज खपला नाही, तर तो कोठारात ठेवून उद्या विकता येतो. पर्यटन-व्यवसायाची गोष्ट निराळी आहे. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. ती रात्र कायमचीच बुडते. हंगाम जितका आखूड, तितका हा नाशवंतपणा अधिक तीव्र होतो. या दृष्टीने साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावरील कास पठाराच्या परिसरातील घरगुती निवासांचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे.

कासचे पठार जांभ्या खडकाचे असून त्यावरील मातीचा थर अतिशय पातळ आहे. तेरडा, गेंद, सीतेची आसवे इत्यादी अल्पायुषी वनस्पती पावसाळ्यात तेथे वाढतात आणि वर्षाऋतूचा शेवट व शरदाचा आरंभ यांच्या सांध्यावर, म्हणजे सामान्यतः ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या प्रारंभापर्यंत, फुलतात. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. त्यांत कासचाही अंतर्भाव आहे.

येथे विपणनापुढील पहिला प्रश्न कालगणनेचा आहे. फुलांचा बहर पाऊसमानावर, म्हणजे पर्यायाने सौर वर्षावर अवलंबून असतो; उलटपक्षी ग्राहकाची सवड पुष्कळ अंशी चांद्र पंचांगातील सणांवर अवलंबून असते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे गणेशोत्सव १९ ते २८ सप्टेंबर या काळात, ऐन बहरात पडला. २०२५ मध्ये तोच उत्सव २७ ऑगस्टला सुरू होऊन ६ सप्टेंबरला संपला, आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध पितृपक्षाचा शेवट व नवरात्राचा आरंभ यांत गेला. घरी दहा दिवसांचा गणपती असलेले कुटुंब विसर्जनापूर्वी सहसा बाहेर पडत नाही. तेव्हा गतवर्षीच्या तारखांना जाहिरात पुन्हा देण्याचा प्रघात सदोष ठरतो. दोन्ही कालगणना समोर ठेवून दरवर्षी नवी आखणी करावयास हवी.

दुसरा प्रश्न मागणीच्या विभागणीचा. उदाहरणादाखल चार खोल्यांचे निवासस्थान व पाच आठवड्यांचा हंगाम गृहीत धरू. एकूण ३५ रात्री, म्हणजे विक्रीस १४० खोली-रात्री उपलब्ध होतात. आठवड्याच्या अखेरच्या दोन रात्री धरल्यास त्यांपैकी केवळ ४० खोली-रात्री गर्दीच्या ठरतात. उरलेल्या १०० आठवड्याच्या मधल्या दिवसांतील असतात. गर्दीच्या रात्री बहुधा जाहिरातीवाचूनही भरतात. म्हणून तेवढ्यासाठी केलेला जाहिरातीचा खर्च बव्हंशी वाया जातो. मधल्या दिवशी मात्र पाहुण्यावर होणारा प्रत्यक्ष खर्च, म्हणजे न्याहारी, जेवण, धुलाई इत्यादी, भागून जी रक्कम उरेल ती स्थिर खर्चाच्या भरपाईस उपयोगी पडते. यास्तव त्या दिवसांचा दर उतरविणे हिशेबास धरून आहे. तो प्रत्यक्ष खर्चाच्या खाली मात्र जाता कामा नये. निवृत्त मंडळी, वनस्पतिशास्त्राच्या अभ्याससहली व छायाचित्रकार हे वर्ग सुटीच्या दिवसांशी बांधलेले नसतात. संदेश मुख्यतः त्यांच्यापर्यंत पोहोचावयास हवा.

या विभागणीचे महत्त्व केवळ खाजगी लाभापुरते नाही. पातळ मातीतील रोपे पायदळी तुडविली गेली, तर त्यांचे बी धरत नाही आणि पुढील वर्षाचा बहर तेवढ्या प्रमाणात घटतो. म्हणजे व्यवसायाचे भांडवलच झिजते. आणि हे भांडवल कोणा एका व्यावसायिकाचे नसल्यामुळे त्याची झीज कोणाच्याच हिशेबवहीत उमटत नाही. पठारावरील प्रवेशशुल्क व दैनिक संख्येची मर्यादा यांचा अर्थ या संदर्भात लावला पाहिजे. मर्यादा ही व्यवसायाची अडचण असे मानणारा व्यावसायिक आपले दीर्घकालीन हित ओळखत नाही. पाहुण्यास मधल्या दिवसाची प्रवेश-नोंदणी आगाऊ मिळवून देणे, ही त्याने विकावयाच्या सेवेचाच भाग होय.

तिसरा प्रश्न विश्वासाचा. बहर दर आठवड्याला पालटतो. धुके व पाऊस यांचा नेम नसतो. टोपली कारवी तर काही वर्षांच्या खंडानंतरच एकत्रितपणे फुलते. जुन्या बहराचे छायाचित्र दाखवून बोलाविलेला पाहुणा निराश होऊन परततो आणि इतरांनाही परावृत्त करतो. उलट, आज पठारावर काय फुलले आहे व काय ओसरले आहे, हे दूरध्वनीवर सरळ सांगणारा यजमान एखादी नोंदणी गमावील, पण गिऱ्हाईक गमावणार नाही. मोठ्या हॉटेलाच्या जाहिरात-खर्चाशी बरोबरी करू न शकणाऱ्या लघु व्यावसायिकापाशी स्थानिक, ताजी व खरी माहिती हेच स्वस्त आणि प्रभावी साधन आहे.

दिवाळीची सुटी बहराच्या काळात येत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला, तर २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला आले; दोन्ही वेळी फुले ओसरून गेलेली होती. त्या काळासाठी फुलांचे नाव न घेता सज्जनगड, बामणोलीचा जलाशय, किंवा पावसाळ्यानंतर खुली होणारी वासोट्याची वाट यांचे स्वतंत्र आकर्षण मांडावयास हवे.

तात्पर्य, शरद-हंगामातील लघु व्यवसायाच्या विपणनाचे यश किती माणसे आली यावर मोजता येणार नाही. ती कोणत्या दिवशी आली, कोणत्या अपेक्षेने आली आणि त्यांच्या मागे पठाराची स्थिती काय राहिली, या तीन कसोट्यांवरच ते मोजले पाहिजे.