पत्त्याची पत

गेल्या वर्षी एका गुणी विद्यार्थिनीसाठी मी शिफारसपत्र लिहिले. अलंकारांचा मोह आवरून, अगदी नेटके! महाविद्यालयाच्या ईमेलने ते धाडले आणि निश्चिंत मनाने चहा घेतला. चहा संपायच्या आत पत्र परत आले. खाली इंग्रजी शेरा होता; तो न वाचताच मी ते पुन्हा धाडले. तेही परत! तिसऱ्या दिवशी एका माजी विद्यार्थ्याने शेरा वाचला नि म्हणाला, "सर, आपला पत्ता काळ्या यादीत गेलाय."

अठरा वर्षांच्या नोकरीत असा आळ माझ्यावर आला नव्हता. झाले होते ते असे : कार्यालयातल्या एका संगणकात विषाणू शिरला होता आणि तो रात्रभर हजारो अनाहूत जाहिराती धाडीत होता. आमचे सारे टपाल एकाच क्रमांकावरून बाहेर पडते. एकाने शेण खाल्ले, नाव गेले घराण्याचे!

अशा क्रमांकांची वही पॉल व्हिक्सी आदी मंडळींनी १९९७ साली अमेरिकेत घातली. त्यांच्या संस्थेचे नाव 'मॅप्स'. त्याची इंग्रजी अक्षरे उलटी वाचली की 'स्पॅम', म्हणजे हेच अनाहूत टपाल! पुढच्याच वर्षी 'स्पॅमहाउस' निघाली. पत्र दारी आले की घेणारा संगणक पाठवणाऱ्याचा क्रमांक उलटा लिहून वहीला विचारतो. '१२७.०.०.२' असे काही उत्तर आले, की समजावे, नोंद आहे. दोषी पकडायला सापळेही असतात : कुणालाच न दिलेले पत्ते. तिथे पत्र येते ते चोराचेच, असे समजतात.

नाव चढवणे त्यामानाने सोपे. खरी मेहनत खोडण्याची. क्रमांक हातोहात फिरतात; कालच्या भामट्याचा क्रमांक आज एखाद्या सज्जनाकडे असतो. आणि वही सांभाळणाराच उठून गेला तर? 'ओआरडीबी' नावाची वही डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली, तरी कित्येक संगणक तिलाच विचारीत राहिले. अखेर मार्च २००८ मध्ये तिने सरसकट उत्तर देणे सुरू केले : सगळेच दोषी! विचारणाऱ्यांकडचे भले टपालही अडले, तेव्हा कुठे लोक जागे झाले.

आमचा संगणक स्वच्छ झाला, अर्ज केला, नाव खोडले गेले. मुदत मात्र टळली होती. मुलीने तोंडातून चकार शब्द काढला नाही. तेच मला जास्त लागले. यंदा तिने पुन्हा अर्ज भरला आहे. शिफारसपत्र मी कागदावर लिहून तिच्या हाती दिले.